आश्रुबाच्या खांडाचे कान

धारूरच्या किल्ल्यामागच्या डोंगरात आश्रुबाच्या शेळ्या चरत आणि शेळ्यांच्या मागे आश्रुबा अनवाणी चाले. बालाघाटाच्या त्या अंगाला देवाने माती हात राखून दिली आणि काटे सढळ हाताने. बाभळ, हिवर, बोराटी, सराटा, सगळ्यांची आश्रुबाच्या तळव्याशी जुनी ओळख होती. आत मोडला तो कुठला काटा, हे तो न वाकता सांगे. हल्ली वाकणंच जड जात होतं, म्हणून सांगण्यावर भागवी.

तो गरीब होता म्हणून अनवाणी नव्हता. चांभार त्याच्या घराशेजारीच राहायचा आणि दर दिवाळीला विचारायचा, "आश्रुबा, माप घेऊ का?" आश्रुबा म्हणायचा, "पुढल्या साली." त्या चांभाराचा आता मुलगा विचारत होता.

कारण होते पीरसाहेब. दहा-बारा पावसाळ्यांमागे खांडावर, म्हणजे त्याच्या शेळ्यांच्या कळपावर, रोग आला. शेळ्यांच्या तोंडात फोड, नाकाला धार, डोळे चिकटलेले. सकाळी वाडग्याचं फाटक उघडावं तर निम्म्या उभ्या आणि निम्म्या आडव्या. तेव्हा आश्रुबा डोंगरातल्या दर्ग्यावर गेला, चौथऱ्याला डोकं टेकलं आणि बोलून बसला, "खांड जगव. माझ्या खांडातला पहिला बेऐब काळा बोकड तुला कंदुरीला देईन. तवर पायात पायताण घालणार न्हाई."

कंदुरी म्हणजे पीराच्या नवसाचं जेवण. बोकड नवस करणाऱ्याचा, सुरी मुजावराची आणि तोंडं सगळ्या गावाची. त्या दिवशी जातीपातीचा हिशोब लोक हाडांबरोबर पत्रावळीच्या कडेला काढून ठेवतात. फक्त बोकड बेऐब लागतो. शिंगं शाबूत, डोळे दोन्ही, शेपूट पुरतं आणि कान पुरते.

पीरसाहेबांनी आपली बाजू लगेच पार पाडली. खांड जगलं. अडचण आली ती आश्रुबाच्या बाजूने. रोगातून जगला तो एकच बोकड, आणि तो होता बुचा. त्याला जन्मापासून कान नव्हते. कानांच्या जागी चिंचोक्याएवढी दोन बोंडं होती आणि ती हलवून तो माश्या हाकलल्याचं समाधान मानून घ्यायचा. त्याची करडं बुची झाली. करडांची करडंही बुचीच. एखाद्याला मुरड पडल्यासारखा अर्धा कान असे, पण पुरता कान कुणाला नाही. दर हंगामाला आश्रुबा ओल्या करडाचं डोकं चाचपी, बोट बोंडावर थांबे आणि तो धोतराला हात पुशी.

"वडवणीच्या बाजारातून एक कानाचा आणा अन् द्या मोकळं व्हऊन," केसरबाई म्हणे. ती त्याची बायको. नवस नवऱ्याने केला होता, पण काटे काढायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"मी खांडातला बोललो."

"मंग बोलताना जीभ आवरायची. निस्तं बोकड म्हनला आस्तात तर काय पीर उठून गेला आस्ता?"

आश्रुबा पाय पुढे करी आणि ती सुई घेऊन बसे.

शेजारच्यांकडून कानवाला बोकड आणून खांडात सोडावा, तर शेजारी आपल्याच शेळ्या माजावर आल्या की आश्रुबाच्या बुच्याकडे घेऊन येत. बुचा फुकट होता. बाकीचे बोकड वयात येण्याआधीच खच्ची झालेले असत, कारण खच्ची बोकडाच्या मटणाला वास येत नाही. त्यामुळे त्या डोंगराच्या चारी अंगांना हळूहळू बुच्याचंच राज्य झालं होतं. निजामाचा अंमल वरून होता, बुच्याचा खालून.

अशात एका थंडीत मैना नावाची शेळी बोराटीच्या आडोशाला व्याली. मैना बुची होती, तिचा बापही बुचा. आश्रुबाने सवयीने करडाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात घसरतच गेला. कान लांब होता, लोंबता होता, चिंचेच्या पानाएवढा नाही तर पळसाच्या पानासारखा. दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा. करडू काळंभोर होतं आणि नर होतं.

आश्रुबाला आनंद झाला असं म्हणणं जरा जास्त होईल. तो तिथेच खाली बसला, एवढंच. मग त्याला वाटलं, आता एक वर्ष. बोकडाला दोन दात आले की कंदुरी, आणि कंदुरी झाली की पायताण.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली. लोक करडू पाहायला येऊ लागले. पण त्यांची नजर कानावर क्षणभर टेकून मांडीवर जायची. दहा-बारा वर्षं हे जेवण लांबलं होतं. त्याची वाट बघता बघता दोन-तीन म्हातारी मेलीही होती, आणि त्यांच्या घरच्यांना ते अजून आश्रुबाचं देणं वाटत होतं.

तीन महिन्यांनी सिदू आला. सिदू आश्रुबाचा धाकटा भाऊ. वय पन्नाशीला आलेलं, पोट त्याच्याही पुढे. खांडातले बोकड खच्ची करायचं काम त्याचं. हात सफाईचा, आणि त्या कामात त्याला पुढच्या मटणाची चव आधीच लागायची. बाभळीखाली आश्रुबा टाचेतला काटा चाचपत बसला होता. करडू शेजारी पाला ओरबाडत होतं.

"धर दादा, मागचे पाय," सिदू म्हणाला. "आत्ताच आवळू. लई झ्याक मटण व्हईल."

आश्रुबाने पाय धरण्यासाठी हात पुढे केला आणि समोर त्याला बुचा दिसला. बुचा म्हातारा झाला होता, पण मजेत होता. तीन शेळ्यांच्या मध्ये तो जबडा हलवत उभा होता, एखाद्या जहागीरदारासारखा. आश्रुबाचा हात तिथेच राहिला.

"सिद्या, ह्यो कावून जगला रं?"

"कोन?"

"बुचा."

"जगला म्हंजी? त्याला कोन मारनार? कंदुरीला चालंना, बकरीदीला चालंना, बाजारात कुनी दात बी बघंना. खच्ची करायची सुदीक मेहनत कोन घेतंय?"

"अन् रोगाच्या आधीचे, त्याच्या येळचे चांगले बोकड?"

सिदू बोटांवर मोजू लागला. "एक जमादार घेऊन गेलता. एक तुळजापूरला गेला. काळ्या कपाळाचा बकरीदीला केजला. अन् त्यो शिंगाळ्या आपल्या रुक्मीच्या लग्नात." शेवटच्याच्या आठवणीने त्याने ओठ पुसले.

"आन् सगळे खच्ची."

"मंग? कच्चा बोकड पाहुन्याला वाढतेत व्हय?"

त्यांचा बाप म्हणायचा, चांगलं देवाला, वंगाळ खांडाला. बापाने तसंच केलं, आज्याने तसंच केलं. देवाला चांगलं द्यावं, यात कुणाचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण देवाला, साहेबाला, पाहुण्याला चांगलं जायचं ते निपुत्रिक होऊन जायचं, आणि घरी राहायचं ते पोरंबाळं करायचं. आश्रुबाला एवढी वर्षं वाटत होतं की पीर आपल्याला कान देत नाही. कान येत होते आणि आपण ते वाढून घालत होतो.

तसं पाहिलं तर हे शेळ्यांचंच होतं असं नाही. त्या मुलखात देखणा बैल दिसला की वेठीला धरला जाई, म्हणून शहाणे लोक बैलाला लंगडायला शिकवत. घराला चुना लावला की सरकारी अमीनसाहेबांचा मुक्काम त्याच घरी पडे, म्हणून घरं पडकी ठेवत. सुखाने जगायचं तर अंगात एखादा ऐब असावा, ही गोष्ट माणसांनी विचार करून काढली. बुच्याला ती जन्मताच मिळाली.

"सोड त्याला," आश्रुबा म्हणाला.

"म्हंजी?"

"खच्ची न्हाई करायचा. पावसाळ्यात शेळ्यांवर सोडू. बुच्याला तवर आपल्या परसात बांधू."

सिदूने सुतळी हातात तशीच धरली. "दादा, येकदा कच्चा ठिवला की मटणाला वास मारतोय. शेळ्यांवर सोडला तर इचारूच नगस. अन् पीराच्या नावाचं जनावर कामाला लावत्यात का कुटं?"

"आजून पीराच्या नावानं बोललो न्हाई."

"तू दहा वर्सं तेच बोलतोय."

हे खरंच होतं. पण आश्रुबाने करडू मांडीवर ओढलं आणि दोन्ही कान मुठीत धरून बसला. त्यामुळे सिदूला सुतळी गुंडाळावी लागली.

घरी केसरबाईने सगळं ऐकून घेतलं आणि सुई खाली ठेवली. "म्हंजी ह्या साली बी अनवाणी."

"एक हंगाम."

"तुमचे पाय ऱ्हात्याल का हंगामभर? टाच बघा, गव्हाची रास शिरंल भेगंत." तिने सुई पुन्हा उचलली. "खांड कुनासाठी राखताव तुमी? आपल्याला दोगी पोरी, दिल्या घरी. सिदूभाऊजी तर खाऊनच संपवतेल."

"ठावं न्हाई," आश्रुबा म्हणाला, आणि त्याला खरोखरच माहीत नव्हतं. एवढं कळत होतं की हे कान गेले तर पुन्हा यायला त्याचा जन्म पुरणार नाही. आणि पायही पुरतील असं वाटत नव्हतं. दोन्हीकडून दमलेल्या माणसाला निवड करायला सांगू नये. तो जी जवळ पडेल ती करतो. त्या संध्याकाळी बोकड जवळ होता.

पावसाळ्यात कानवाला खांडात फिरला. लोक बांधावरून हाका मारू लागले, "काय आश्रुबा, पीराचा जावई काय म्हंतोय?" कुणी म्हणालं, याला नवस चुकवायचा आहे. कुणी म्हणालं, पीर याच्या पायाला किडे पाडील. आश्रुबा उजवा पाय तिरका टाकत जाई आणि म्हणे, "पाडू द्या, जागा हाय लई."

दिवाळीच्या सुमाराला लांडगा आला. शेळ्या वाचल्या, पण बोकड मध्ये पडला आणि त्याचा डावा कान टोकाला फाटला. झेंड्याची पट्टी वाऱ्याने फाटावी तसा. सकाळी ते पाहून सिदू डोक्याला हात लावून बसला.

"गेली कंदुरी. आता करडं बी फाटक्या कानाची निपजतेल."

"आपल्या बाचं बोट गुऱ्हाळात चरकात गेलतं," आश्रुबा म्हणाला. "त्याच्या नंतर तू जल्मलास. बोटं मोज."

सिदूने खरोखर मोजली. मग म्हणाला, "आरं पर पीराला काय सांगनार?"

त्यासाठी आश्रुबा दर्ग्यावर गेला. मुजावर जलालुद्दीन त्याच्याच वयाचा. लहानपणी दोघांनी एकाच बोराटीची बोरं खाल्ली होती, आता दोघांना मिळून सात-आठ दात होते. मुजावराने बोकडाचे डोळे पाहिले, जबडा उघडला, शेपटी उचलली. मग फाटका कान चौथऱ्यावर पसरून वीत लावली.

"फाटलेलं तिसऱ्या हिश्श्याच्या आत हाय. चालतंय," तो म्हणाला. "दोन दात बी आले. जुम्म्याला आन."

आश्रुबाने फाटका कान चौथऱ्यावरून उचलून घेतला.

"कावून बे? दहा वर्सं रडत होता, आता चालतंय म्हन्लं तर तोंड पडलं."

"शेळ्या गाभण हायेत. करडांना कान आले का न्हाई, बघून देतो."

"तवर ह्याला वाघ खाईल. न्हाईतर तुला." मुजावराने त्याच्या पायाकडे पाहिलं. तळव्याला बांधलेलं फडकं चिकटून काळं झालं होतं. "आश्रुबा, घाल पायताण. मी पीरसाहेबाला सांगतो. ते पाय बघत बसत न्हाईत."

"मी तर बघतो."

"मरशील."

"मेलो तर अनवाणीच जायाचंय. पायताण घालून कोन जातंय?"

मुजावर हसला नाही. भिंतीला टेकून बसला आणि बोकडाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुला येक सांगू का? माझ्या बापाच्या येळंला कंदुरीचा बोकड दोघं जन ओढत आनायचे. आता येकजन काखंत मारून आनतो. मी म्हन्लं, लोकांचं ईमान कमी झालं. तू आज करडांच्या कानांचं सांगतो तवा समजतंय. सगळे मोठे आमीच खाल्ले. तुज्या खांडाचे कान बी आमच्याच पोटात गेले बाबा."

"आमी दिले म्हनून."

"दिले तुमी, खाल्ले आमी. सवाब, पुण्य म्हन, अर्धा अर्धा." त्याने उसासा टाकला. "जा. बघून आन."

आश्रुबा परत निघाला. उतरण दर्ग्यापासून ओढ्यापर्यंत होती आणि तो तीन ठिकाणी बसला. प्रत्येक वेळी बोकड थांबे आणि त्याच्या फेट्याचा शेव चघळे.

शेळ्या थंडीच्या अखेरीस व्याल्या. दिवसाउजेडी, एकामागून एक, जणू ठरवून. आश्रुबा वाडग्यात घोंगडी टाकूनच बसला होता. मैनेच्या बहिणीला दोन झाली, दोन्ही बुची. आश्रुबाने हात पुसले. मग ठिपकीला एक, कान पुरता. भुरीला जुळं, एकाला कान आणि दुसऱ्याला मुरड पडलेला अर्धा. दुपारपर्यंत कानांची काही करडं उड्या मारू लागली, काही बुची त्यांच्याशेजारी. कान असणाऱ्यांत तीन बोकड होते, दोन पाटी, म्हणजे माद्या, होत्या. एकाचाही कान फाटका नव्हता. सिदूने हे स्वतः वाकून पाहिलं आणि आपली बोटं पुन्हा एकदा मोजली.

"त्यो बघ, तिसरा," तो मग म्हणाला. "काळाभोर. ना ऐब, ना डाग. हाच वाढवू कंदुरीला. फाटका कशाला दावायचा?"

"फाटकाच द्यायचा."

"दादा, त्यो आता पक्का बोकड झाला. वास मारतोय, इथवर यतोय."

"त्याचं काम झालं. ह्यांचं व्हायचंय."

कंदुरी झाली. गाव झाडून आलं, पलीकडच्या दोन वाड्याही आल्या, मेलेल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला त्यांचे नातू बसले. मुजावराने फातिहा दिला. मटण सकाळपासून शिजत होतं आणि दुपार कलली तरी शिजतच होतं. शेवटी लोकच म्हणाले की वाढा, बाकीचं दातांनी शिजवू. मग बराच वेळ दर्ग्याच्या आवारात बोलणं बंद होतं. भक्तीने नव्हे, तोंडं गुंतली होती.

"पीराचा नवस फेडला का गावाचा सूड घेतला?" एकाने दातातलं काढत विचारलं.

"चामडं चांभाराला द्यायचं, तर चुकून आमाला वाढलं," दुसरा म्हणाला.

सिदूने मान वर केली नाही. वाढप त्याच्याकडे होतं आणि प्रत्येक पत्रावळीवर त्याला काहीतरी ऐकून घ्यावं लागत होतं. केसरबाईने जेवण होण्याआधीच चांभाराच्या पोराला बोलावून नवऱ्याच्या पायात पायताण चढवलं. आश्रुबाने विरोध केला नाही. उठून चार पावलं चालला, मान हलवली, आणि लिंबाखाली आडवा झाला तो संध्याकाळी उठवावा लागला.

त्यानंतर तो बरेच दिवस झोपला. इतक्या वर्षांचं चालणं अंगात साचलं होतं, ते झोपेतून बाहेर पडत होतं. शेळ्या सिदू नेई. आश्रुबा उन्हात खाट टाकून पडे, दुपारी भाकरी खाई, पुन्हा पडे. केसरबाई म्हणे, पडू द्या. उन्हाळा तापला, पळस फुलून गळून गेला, करडं तीन महिन्यांची झाली.

मग एका सकाळी त्याला बरं वाटलं आणि तो वाडग्यात गेला. बुचा खुंट्याला रवंथ करत होता. करडं सावलीत होती. कानवाले तिघं बोकड एका कोपऱ्यात मागचे पाय फाकवून उभे होते, हलत नव्हते. सिदू बादलीत हात धूत होता.

आश्रुबाने बघितलं आणि फाटकाला धरून उभा राहिला.

"तिन्ही?"

"तिन्ही," सिदू म्हणाला. त्याच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी समाधान होतं. "दादा, गावानं लई बोल लावले रं त्या दिवशी. तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई. पुढल्या सालची कंदुरी आपूनच करू म्हन्लं, बिननवसाची. आसं मऊ मटण वाढतो, बघ तू. बुची पोरं तेवढी सोडून दिली. त्यांच्यामागं कोन घाम गाळतंय?"

आश्रुबाने रागवायचं तर आधी श्वास घ्यावा लागतो आणि तेवढं सामान त्याच्याकडे नव्हतं. आणि सिदूला तरी काय म्हणायचं? बापाने शिकवलं तेच तो करत होता, भावापेक्षा नेकीने करत होता. ऐब शेळ्यांत उतरतो तसा माणसांतही उतरत असणार.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पाटींना काय केलं न्हाई न्हवं?"

"पाटींना?" सिदू हात झटकत हसला. "पाटींना काय करायचं आसतंय?"

त्या दोघी कुंपणाच्या कडेला होत्या. बोराटीचा पाला खाताना त्यांचे कान पुढे पडत होते आणि त्या दर घासाला मान झटकून ते मागे टाकत होत्या. आश्रुबा तिकडे बघत राहिला. त्यांना वयात यायला एक वर्ष. मग त्या व्यायला पुढचे पाच महिने. मग एखादा कानाचा बोकड झालाच तर तीन महिन्यांचा होईपर्यंत सिदूवर नजर. म्हणजे झोप नाही.

त्याने फाटकाची काठी काढली.

"आजपासून शेळ्या मी नेतो," तो म्हणाला, आणि पाटींना हाक घालत डोंगराकडे निघाला.